उपवासकाळ संपतो, उन्हाळा संपत नाही : पाणपोई पावसापर्यंत कशी चालवावी?

चरईकर
२२ मार्च २०२६, रात्री ९.४०

गेल्या वर्षी ५ मार्चला, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या पॅरिशमधील) आठ-दहा जणांनी ठाण्यात जांभळी नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यालगत पाणपोई सुरू केली. दोन माठ, एक तिवई, वर ताडपत्री आणि साखळीने बांधलेले दोन पेले, एवढाच सारा सरंजाम होता. ईस्टरपूर्वीच्या या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म करावा असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्यातला दानधर्म दरवर्षी पाकिटात पैसे घालून उरकला जात असे, म्हणून एकदा तरी तो हातांनी करावा असे सर्वांच्या मनात आले. चाळीस दिवसांचा तक्ता तयार झाला, सकाळी माठ भरणारे आणि दुपारी पुन्हा भरणारे अशी नावे लिहिली गेली आणि त्यात एकही घर रिकामे राहिले नाही, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

२० एप्रिलला ईस्टर झाला. दुसऱ्या दिवशी सोमवारी साडेअकराच्या सुमारास मी तिकडून जात होतो, तेव्हा दोन्ही माठ पालथे घातलेले होते आणि हातगाडीवर धान्याची पोती ओढणारे एक गृहस्थ रिकामी बाटली घेऊन तिथे उभे होते. महिनाभर रोज पाहिल्यामुळे त्यांनी मला ओळखले आणि आज पाणी ठेवले नाही का, असे विचारले. ‘आमचा उपवासकाळ संपला’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते आणि ते तिथेच अडकले. घरी येऊन तक्ता पाहिला, तर पवित्र शनिवारनंतर त्यात ओळच आखलेली नव्हती. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. आम्ही आमच्या पंचांगाप्रमाणे पाणी ठेवले होते आणि त्या माणसाची तहान त्या पंचांगाला बांधील नव्हती, इतकेच.

त्यानंतर आम्ही कसेबसे पुढे रेटले; कधी माठ भरला, कधी नाही. मे महिन्यातल्या अवकाळी सरींनी आणि २६ मे रोजीच मुंबईत दाखल झालेल्या मोसमी पावसाने आमची लाज राखली. यंदा तशी कृपा होईल असे गृहीत धरता येत नाही. ईस्टर ५ एप्रिललाच आहे आणि मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, म्हणजे मधले सदुसष्ट दिवस आहेत, आणि हेच दिवस आमच्या मंडळींच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचे असतात. उपवासकाळात आमच्याकडे लग्ने होत नाहीत, त्यामुळे ती सगळी ईस्टरनंतर दाटीवाटीने येतात. मुलांना सुट्ट्या लागतात, कुणी वसईला, कुणी कोकणात, कुणी गोव्याला जाते. १८ फेब्रुवारीपासून यंदाची पाणपोई सुरू आहे आणि ती नीट चालली आहे, पण ६ एप्रिलपासूनच्या तक्त्यात आज तीनच नावे आहेत.

पैशांची अडचण नाही, हे आधीच सांगतो. देणगीची चौकशी करणारे दोन निरोप आले, त्यांचे आभार. ज्यांनी असे काम सलग तीन-साडेतीन महिने केले आहे, त्यांनी ते कसे टिकवले आणि कशात चुकले, ते कृपया लिहावे.


दुपारची पाळी
२२ मार्च २०२६, रात्री १०.५५

दादा, मी नेरूळला राहते. पस्तीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होते आणि आता निवृत्त आहे. आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे, त्यामुळे चाळीस दिवसांचा तक्ता आमच्याकडे तितक्या काटेकोरपणे पाळला जात नाही, पण उत्साह ईस्टरला संपतो हे आमच्याकडेही तितकेच खरे आहे.

माणसे कशी टिकवावी ते इतर सांगतील. मी पाण्याबद्दल लिहिते. आपल्याकडच्या उकाड्याला लोक कमी लेखतात, कारण नागपूरसारखे पंचेचाळीस अंश आकडे इथे दिसत नाहीत. हवामान खाते किनारपट्टीवरील ठिकाणी ३७ अंशांनाही उष्णतेची लाट मानते, मात्र ते तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. हा निकष मैदानी भागाच्या ४० अंशांपेक्षा कमी ठेवण्यामागे कारण आहे. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, घाम वाळला तर होते, आणि ठाण्या-वाशीच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानात भर दुपारी झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशीही पारा काही पंचेचाळीसला पोचलेला नव्हता. त्या संध्याकाळच्या बातम्या पाहताना मी घरात बसून माझ्या जुन्या पाळीवरच्या मुलींना फोन करत होते. आणखी काही करण्यासारखे माझ्या हातात नव्हते.

म्हणून विनंती अशी की, पाणपोईवर बसणाऱ्या प्रत्येकाला दहा मिनिटे काढून हे समजावून सांगा. थकवा, पायात गोळे, चक्कर, मळमळ अशी लक्षणे असतील आणि माणूस नीट बोलत असेल, तर त्याला सावलीत बसवून घोटघोट पाणी द्यावे. तो असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा आणि तोंडात पाणी मुळीच ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघा इथे ठेवावा. पाणपोईवर पाणी भरपूर असते, त्यामुळे हे काम तिथे जितक्या लवकर होईल तितके दुसरीकडे होणार नाही.

सरबताबद्दल एक सूचना. घरगुती साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असे आहे. हे जुलाब झालेल्या किंवा घामाने थकलेल्या माणसासाठी ठीक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाजू नये. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार असलेली माणसे कष्टकऱ्यांतही पुष्कळ असतात आणि ती तुम्हाला सांगत बसणार नाहीत. दुकानातून ओआरएस आणणार असाल, तर पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले पाहूनच आणा. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेये इतकी बोकाळली होती की ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाला त्या नावावरच बंदी घालावी लागली. बहुतेकांना साधे, स्वच्छ, गार पाणीच हवे असते. दानशूर मंडळींना सरबत वाटायला जास्त आवडते, हा माझा अनुभव आहे.


कोपरखैरणे सेक्टर
२३ मार्च २०२६, सकाळी ७.१०

माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. मी ख्रिस्ती नाही, पण पाणपोईच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला आहे, म्हणून लिहितो.

सर्वांत आधी वेळ पाहा. तुम्ही सकाळी माठ कधी भरता? बाजारात भाजीच्या गाड्या पहाटेच्या आधीच लागतात आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचा अर्धा घाम आठ वाजेपर्यंत गाळून झालेला असतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या येऊ लागल्या की या कामाला आणखी जोर चढतो. वडील सांगत असत की, एका व्यापारी गृहस्थांनी मोठ्या श्रद्धेने पाणी ठेवले होते, पण त्यांचा नोकर दहाला येऊन कुलूप उघडत असे. त्या पाणपोईचे पाणी गिऱ्हाइके प्यायली, हमाल नाही. जांभळी नाक्यावरही पोती उतरण्याची वेळ कोणती, ते एकदा उभे राहून पाहा आणि मग तक्ता आखा.

दुसरे असे की, कामावरच्या माणसाला पेला नको असतो, त्याला बाटली भरून हवी असते. पेलाभर पाणी पिऊन तो पुढे जातो आणि अर्ध्या तासाने त्याला पुन्हा तहान लागते, पण तेव्हा तो दोन गल्ल्या पलीकडे असतो. म्हणून माठाची तोटी इतकी उंच बसवा की तिच्याखाली लिटरची बाटली उभी राहील. कित्येक पाणपोयांवर ‘बाटल्या भरू नयेत’ अशी पाटी असते. मला ती पाटी वाचून आजही राग येतो.

तिसरी गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो. नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या बायका, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायका, सोसायट्यांत एकामागून एक पाच घरची कामे करणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीतच नाहीत. पाणी नसते म्हणून नव्हे, जायला जागा नसते म्हणून. माझ्या आईने घणसोलीत बांधकामावर असताना वर्षानुवर्षे असेच काढले आणि नंतर मूतखड्याचे दुखणे भोगले. तुमच्या चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात स्वच्छतागृह असेल आणि दिवसा फाटक उघडे ठेवता येत असेल, तर त्याने जे होईल ते आणखी दहा माठांनी होणार नाही.


चरईकर
२३ मार्च २०२६, दुपारी १.१५

‘कोपरखैरणे सेक्टर’, आपला प्रतिसाद मी आमच्या गटात जसाच्या तसा वाचून दाखवला. आमचा माठ साडेनऊला भरला जातो, कारण सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून, घरी चहा घेऊन मग माणसे तिकडे जातात. पोती कधी उतरतात हे आम्ही कोणालाही विचारलेले नव्हते. फाटकाविषयी फादरांशी बोलतो. सुरक्षारक्षक आणि साफसफाई यांचा प्रश्न निघणार, हे आत्ताच दिसते आहे.

ताई, आपली सूचना मोठ्या अक्षरांत लिहून ताडपत्रीच्या खांबाला लावली आहे.


रोखठोक ठाणेकर
२३ मार्च २०२६, दुपारी ३.३०

उपक्रम चांगला आहे, पण एक शंका स्पष्टपणे विचारतो आणि ती वाईट हेतूने विचारलेली नाही. पाणपोईवर क्रूस किंवा बायबलचे वचन लावले आहे का? असल्यास पाण्याच्या आडून धर्मप्रचार चालला आहे असे लोक म्हणतील, आणि नसल्यास आपली ओळख लपवली असेही म्हणतील. आपण यावर काय ठरवले आहे?


चरईकर
२३ मार्च २०२६, रात्री ८.५०

प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी आम्ही मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचे वचन, ‘मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले’, फलकावर लिहिले होते. एका वयस्कर सदस्यांनी ते वाचून विचारले की, हे वाक्य न्यायाच्या दिवशी राजा उच्चारणार आहे, ते आपण आपल्याच माठावर आधीच कसे लिहून ठेवले? त्या प्रसंगातल्या धार्मिकांना तर आपण कोणाला पाणी दिले याचा पत्ताही नसतो. ते उलट विचारतात की, प्रभो, आम्ही तुला तान्हेला कधी पाहिले? आम्ही फलक उतरवला. आता फक्त ‘पिण्याचे पाणी’ अशी पाटी मराठीत आणि हिंदीत आहे. कोणी ठेवले असे कुणी विचारले, तर चर्चच्या लोकांनी ठेवले असे सरळ सांगतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि त्याहून अधिक सांगण्यासारखेही काही नाही. छायाचित्रे काढायची नाहीत, हा नियम मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. तो पाळताना तरुण मुले फार कुरकुरली, हेही नमूद करतो.


ऐरोलीचा पोहरा
२४ मार्च २०२६, सकाळी ६.४५

ज्या पाणपोईवर देणारा वरून पाणी ओततो आणि घेणारा ओंजळ करून वाकून पितो, ती पाणपोई माझ्या आजोबांना माहीत होती. ते नगर जिल्ह्यातले, बाप्तिस्मा घेतलेले महार. ओगराळे, म्हणजे पाणी ओतायचे लांब दांड्याचे भांडे, कोणाच्या हातात आहे यावरून गावातली पायरी ठरत असे, आणि बाप्तिस्म्यानंतरही ती लगेच बदलली नाही, चर्चच्या आतदेखील नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसे पाणी प्यायली, या दोन्ही घटना पाण्याच्याच आहेत, आणि दोन्हींत मुद्दा हाच होता की आपल्या हाताने पाणी घेण्याचा हक्क कोणाला आहे.

यंदा उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, ८ मार्चला, कॅथलिक चर्चमध्ये येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचा उतारा वाचला गेला. माझी पत्नी कॅथलिक असल्यामुळे मीही तिथे होतो. योहानाच्या चौथ्या अध्यायात ऊन आहे, भर दुपारची वेळ आहे, चालून दमलेला येशू विहिरीवर बसला आहे आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. आपण हा उतारा नेहमी जिवंत पाण्याच्या दिशेने वाचतो, ते योग्यच आहे. परंतु सुरुवात कशी होते ते पाहावे : पाणी येशू मागतो. जिच्या भांड्याला यहुद्याने शिवायचे नाही, तिच्याकडे तो मागतो, आणि तिलाच त्याचे इतके नवल वाटते की पाणी देण्याआधी ती त्याचा जाब विचारते. मी त्या दिवशी मिस्सा संपेपर्यंत आजोबांचाच विचार करत होतो.

यावरून मला दोन गोष्टी सुचतात. ओगराळे काढून टाकावे आणि तोटी बसवावी, म्हणजे कोणी कोणाला पाणी ‘देत’ नाही, ज्याला हवे तो घेतो. तोटीमुळे पाण्यात कोणाचा हातही जात नाही, त्यामुळे ताईंच्या दृष्टीने स्वच्छतेचेही भागते. दुसरी गोष्ट अशी की, तक्ता भरण्यासाठी तुम्ही चर्चमध्येच नावे शोधत आहात. जे रोज तिथे पाणी पितात त्यांच्याकडे मागून पाहिले का? ते हातगाडीवाले गृहस्थ सकाळी सहाला तिथे असतील, तर माठ भरण्याची किल्ली त्यांच्याजवळ का असू नये?


वाळ्याची जुडी
२४ मार्च २०२६, सकाळी ११.२०

माठाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी गेली सहा वर्षे कळव्यात आमच्या इमारतीच्या फाटकाशी माठ ठेवते आहे.

माठ गार करतो तो पाझरून. छिद्रांतून बाहेर आलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणूनच विदर्भात माठाचे पाणी दातांना झोंबते आणि आपल्याकडे मे महिन्यात, हवा दमट झाल्यावर, तोच माठ नुसता ओला राहतो. मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा असतो तेव्हा आपले माठ झकास चालतात आणि आपल्याला वाटते की मेमध्येही असेच चालणार. त्यावर उपाय हा की, माठ भिंतीला टेकवून न ठेवता चारही बाजूंनी वारा लागेल असा तिवईवर ठेवावा, त्याला ओले सुती फडके गुंडाळावे आणि दोन मोठ्या माठांऐवजी चार मध्यम ठेवून ते आळीपाळीने भरावे, म्हणजे आधी भरलेला माठ गार होईपर्यंत दुसरा वापरता येतो. रंग दिलेला, गुळगुळीत माठ दिसायला सुंदर असतो, पण रंगाने छिद्रे बुजतात. तो घेऊ नये. दर तीन-चार दिवसांनी माठ रिकामा करून आतून नारळाच्या शेंडीने घासावा, साबण लावू नये, कारण माती साबण शोषून घेते आणि मग आठवडाभर पाण्याला त्याचा वास येतो. हे मी एकदा केलेले आहे आणि इमारतीतल्या लोकांनी मला ते अजून विसरू दिलेले नाही.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान करतात. मी तो कुंभ ब्राह्मणाला न देता फाटकाशीच ठेवला, तेव्हापासून हे सुरू झाले. ते एका दिवसाचे दान होते, पण माठ उचलून आत नेण्याचे मला कधी जमले नाही.


जुने ठाणे
२४ मार्च २०२६, सायंकाळी ५.०५

थोडे अवांतर वाटेल, पण विषय ठाण्यातल्या उन्हाचा आणि ख्रिस्ती श्रद्धेचाच आहे. एप्रिल १३२१ मध्ये थॉमस, जेम्स, पीटर आणि डेमेट्रियस हे फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. त्यांची हकिकत काही काळाने इथे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवली आहे. तो सांगतो की, त्यांना आधी उघड्या डोक्याने उन्हात उभे केले गेले, कारण या प्रदेशातले ऊन असे आहे की एक मिस्सा होण्याइतका वेळ जरी कोणी त्यात उघड्या डोक्याने उभा राहिला, तरी तो मरेल. ते मात्र सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत उभे राहूनही जिवंत राहिले, असे तो लिहितो. हुतात्म्यांच्या कथेत चमत्काराचा भाग असणार, हे मान्य. परंतु ठाण्याच्या एप्रिलमधल्या उन्हाला मिस्सेच्या मापाने मोजणारा तो माणूस त्या उन्हात स्वतः चालला होता, हे त्या वाक्यावरून जाणवते. आपल्या मिस्सा तासाभराच्या असतात आणि वर पंखे असतात.


शहापूरचा मास्तर
२५ मार्च २०२६, रात्री ९.१५

मी शहापूर तालुक्यात शिकवतो. आपल्या माठांतले पाणी भातसा नदीचे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि नवी मुंबईकरांचे मोरबे धरणाचे. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे आमच्या बाजूची, आणि आमच्याच कित्येक पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आमच्यासाठी म्हण राहिलेली नाही. माझ्या वर्गातल्या मुली मार्चपासून सकाळच्या पहिल्या तासाला नसतात, कारण विहिरीवर रांग असते.

आपल्या उपक्रमात मला काही उणे काढायचे नाही. जांभळी नाक्यावरचा हमाल आमच्याच पाड्यावरचा असू शकतो. पावसाळ्यात तो भात लावायला परत येतो. एवढेच सुचवतो की, पैशांची अडचण नाही असे आपण लिहिले आहे, तर मे महिन्यात तरुण मंडळाला एक दिवस इकडे आणावे. टँकर किंवा खाऊ घेऊन येऊ नये. रिकाम्या हातांनी यावे आणि एका बाईबरोबर विहिरीपासून घरापर्यंत एक हंडा वाहून पाहावा. त्यानंतर माठ पालथा घालणे त्यांना जड जाईल.


दुपारची पाळी
२६ मार्च २०२६, सकाळी ९.००

मास्तर, हे वाचून मी नळ बंद करून आले. भांडी घासताना तो तसाच सोडला होता.

चरईकर दादा, तक्त्याबाबत एक विचार सुचला. तुमच्या चर्चमध्ये उपवासकाळ चाळीस दिवसांचा असतो, तसा ईस्टरपासून पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंतचा पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो ना? यंदा पेन्टेकॉस्ट २४ मे रोजी येतो. म्हणजे तुमच्याच पंचांगात ईस्टरनंतर सात आठवडे आहेत. फक्त त्यांच्यासाठी कोणी तक्ता करत नाही. दुःखाचे चाळीस दिवस आपण शिस्तीने पाळतो आणि आनंदाच्या पन्नास दिवसांचे काय करायचे ते आपल्याला सुचत नाही.


चरईकर
२९ मार्च २०२६, दुपारी ४.३०

आज झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. मिस्सा झाल्यावर बैठक घेतली आणि ती अपेक्षेपेक्षा लांबली, म्हणून उशिरा लिहीत आहे.

नवा तक्ता ६ एप्रिल ते २४ मे असा आखला आहे आणि त्यापुढे पाऊस येईपर्यंतच्या ओळी तारीख न घालता कोऱ्या सोडल्या आहेत. लग्नघरांना वगळले आहे. त्याऐवजी त्या घरांनी लग्नाच्या आठवड्यात आपली पाळी घेण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी गळ घालायची, असे ठरले. माठ भरण्याची वेळ सकाळी सहा केली, तेव्हा दोन नावे गळाली आणि तीन नवी आली. त्यातले एक रोज पहाटे चालायला जाणारे मुसलमान शेजारी आहेत. रमजानभर ते आमच्या माठासमोरून रोजा धरून जात होते आणि एकदाही त्यांनी त्याचा उल्लेख केला नव्हता. फाटकाचा निर्णय अर्धवट झाला : शाळेला सुट्टी लागल्यावर दहा ते चार या वेळेत आवारातले एक स्वच्छतागृह स्त्रियांसाठी उघडे राहील, पण ते स्वच्छ कोणी ठेवायचे यावर एकमत झाले नाही. दोन आठवडे मी आणि माझी पत्नी करणार आहोत. त्यानंतरचे ठरलेले नाही.

शहापूरला जाण्यासाठी सोळा मुले तयार आहेत. मास्तर, तारीख आपण सांगावी.


चरईकर
६ एप्रिल २०२६, रात्री ८.२०

ईस्टरच्या शुभेच्छा, एक दिवस उशिराने.

आज पहिला सोमवार असल्यामुळे तक्त्यात मी स्वतःचेच नाव घातले होते. पावणेसहाला पोचलो, तर पोत्यांचा पहिला टेम्पो उतरून झाला होता आणि दुसरा लागत होता, म्हणजे सहाची वेळही उशिराचीच ठरली. गेल्या वर्षीचे हातगाडीवाले गृहस्थ दिसले नाहीत. ते गावी गेले असावेत, असे त्यांच्या जोडीदाराने सांगितले. किल्ली आता त्या जोडीदाराजवळ आहे. ती घेताना त्याने पहिला प्रश्न विचारला की, माठ फुटला तर पैसे कोणी भरायचे? आम्ही भरायचे, असे सांगितल्यावर त्याने ती कनवटीला लावली.

चारांपैकी दोन माठ साडेदहालाच संपले, कारण आता बाटल्या भरल्या जातात. तोट्या बसवल्या आहेत, पण जुन्या तिवया बुटक्या आहेत आणि लिटरची बाटली तोटीखाली तिरकी धरावी लागते, त्यामुळे बरेच पाणी खाली सांडते. कोणाकडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीच्या, चार पायांच्या लोखंडी घडवंच्या पडून असतील किंवा त्या करून देणारा लोहार ठाणे-कळवा भागात कोणाच्या ओळखीचा असेल, तर कृपया निरोप पाठवावा. दोन हव्या आहेत आणि या आठवड्यातच हव्या आहेत.